मोरीतला आवाज

"मोरी तुंबली वाटतं पुन्हा. बघ रे जरा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत गाणी ऐकत बसलो होतो. मोरी ठणठणीत होती. खळखळ स्पीकरमधून येत होती, आणि ती एका माणसाच्या गळ्यातून निघालेली होती.

सीडी मित्राने कॉपी करून दिलेली. वर निळ्या स्केचपेनने एकच शब्द लिहिलेला, 'नेस्पिथे'. बँडचं नाव लिहायला तो विसरला, त्यामुळे पहिले काही दिवस मी नेस्पिथे नावाचाच बँड ऐकतोय अशा समजुतीत होतो. बँडचं नाव डेमिलिच, गाव फिनलंडमधलं कुओपिओ आणि साल १९९३, हे सगळं नंतर कळलं. पहिल्यांदा ऐकताना मला हसू आलं. दुसऱ्यांदा ऐकताना जाणवलं, की त्या खळखळीच्या मागे गिटारवर काहीतरी विलक्षण चाललंय. तिसऱ्यांदा मी हाताच्या पेरांवर मात्रा मोजायला बसलो आणि पहिल्याच गाण्यात तीनदा चुकलो. लहानपणी चार वर्षं तबल्याच्या क्लासला घातलेलं असूनही.

अकरा गाणी, सुमारे ३९ मिनिटं. या बँडचा त्या काळातला हा एकमेव अल्बम. तो निघाला आणि बँड मोडला. तरीही तीस वर्षांनंतर टेक्निकल डेथ मेटलचा विषय निघाला की जाणकार मंडळी याचं नाव जरा आवाज खाली आणून घेतात, जसं एखाद्या आडगावच्या, फारसं ध्वनिमुद्रण न केलेल्या गवयाचं घ्यावं तसं.

'टेक्निकल' हाच शब्द मी ठेवतोय, त्याला कारण आहे. मराठीत 'तांत्रिक' म्हटलं की एक तर स्मशानातला साधक डोळ्यांपुढे येतो, नाही तर दूरदर्शनवरचा 'व्यत्यय'. इथे दोन्हींचा संबंध नाही. (अगदीच नाही असंही म्हणवत नाही. पहिल्या अर्थाची सजावट या मंडळींना फार प्रिय असते.)

आधी थोडी वंशावळ. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी नावाच्या १७ वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे दुखू नये म्हणून तारांचा ताणही उतरवला. ताण उतरला की स्वर खाली जातो. ब्लॅक सॅबथच्या गाण्यांमधला तो जड, खालचा, अंगावर येणारा गिटारचा आवाज असा एका अपघाताच्या सोयीतून पक्का झाला. १९७० च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत ज्या दोन स्वरांवर उभं आहे, ते आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपच्या कानाला हे अंतर शतकानुशतकं अस्वस्थ करत आलंय. आपण यमन गाताना तोच तीव्र मध्यम रोज संध्याकाळी शांतपणे लावतो.

तिथून पंधरा वर्षांत गती वाढली, तारा आणखी उतरल्या आणि गाणाऱ्याने शब्द स्पष्ट म्हणणं सोडून दिलं. कॅलिफोर्नियाच्या पझेस्ड या बँडने १९८५ च्या अल्बममधल्या एका गाण्याला 'डेथ मेटल' असं नावच दिलं. फ्लोरिडात चक शुल्डिनरच्या डेथ या बँडचा पहिला अल्बम १९८७ साली आला आणि पुढची काही वर्षं टँपा शहरातला मॉरिसाउंड हा स्टुडिओ म्हणजे या संगीताचं माहेरघर झालं. ढोलवादकाने दोन्ही पायांनी बेस ड्रम हाणायचा, हातांनी स्नेअरवर मिनिटाला दोनशेच्या पुढचा ठेका धरायचा, गिटारवाल्यांनी तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबून ठेवायचा आणि गायकाने गुरगुरायचं. ही झाली ढोबळ रेसिपी.

१९९०–९१ च्या सुमारास या रेसिपीचा काही जणांना कंटाळा आला. फ्लोरिडातल्याच एथिइस्ट या बँडने १९९१ मध्ये जॅझच्या वळणाचे ताल आणि लॅटिन ठेके आणले. त्यांचा बास वाजवणारा रॉजर पॅटरसन त्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला, अल्बम बाहेर पडण्याच्या आधी. शुल्डिनरने सिनिक या बँडमधले दोन तरुण सोबत घेऊन 'ह्यूमन' केला, तोही १९९१ चाच. ही टेक्निकल डेथ मेटलची पहिली पिढी. त्यांच्याकडे निदान मॉरिसाउंड होता, अमेरिकन कंपन्या होत्या, दौरे होते. कुओपिओच्या पोरांकडे यातलं काहीच नव्हतं.

कुओपिओ हेलसिंकीच्या उत्तरेला सुमारे चारशे किलोमीटरवर, काल्लावेसी तळ्याच्या काठी वसलंय. राईच्या पिठाच्या जाड पावात मासे आणि डुकराची चरबी भरून तासन्‌तास भाजतात, तो कालाकुक्को हा तिथला नावाजलेला पदार्थ. डेमिलिच १९९० साली तिथे सुरू झाला. फिनलंडसाठी तो वाईट काळ होता. सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याशी चालणारा व्यापार बसला, बँका अडचणीत आल्या, आणि बेकारी १९९० मधल्या तीनेक टक्क्यांवरून चार वर्षांत सतरा टक्क्यांच्या आसपास पोचली. पण देशभर पसरलेल्या, सरकारी पैशावर चालणाऱ्या संगीतशाळा शिल्लक होत्या, तालमीला जागा होत्या आणि हिवाळा लांबलचक होता. त्या तीन-चार वर्षांत या लहानशा देशातून डेथ मेटलचे इतके निरनिराळे बँड निघाले, की 'फिनिश डेथ मेटल' ही वेगळी चवच मानली जाते. लोइमाचा डेमिगॉड, हेलसिंकीचा अमॉर्फिस, आणि कन्व्हल्स नावाचा एक बँड तर चक्क नोकिया गावचा. ज्या कंपनीने पुढे आपल्या सगळ्यांच्या खिशात फोन घातला, तिचं नाव याच गावावरून पडलेलं.

यांचं जग चालायचं टपालावर. चार गाणी घरी किंवा लहान स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायची, कॅसेटवर उतरवायची, झेरॉक्स केलेलं मुखपृष्ठ घडी घालून आत सरकवायचं आणि ओळखीच्या-अनोळखी पत्त्यांवर पाठवायची. ही 'डेमो' कॅसेट. समोरचा त्याच्याकडची कॅसेट उलट टपाली धाडायचा. पाकिटात जागा उरली तर इतर बँडच्या जाहिरातींच्या चिठोऱ्या कोंबायच्या, म्हणजे एका पाकिटाने पाच जणांची कामं व्हायची. तिकिटांचा खर्च परवडायचा नाही म्हणून तिकिटांवर गोंदाचा किंवा साबणाचा पातळ थर द्यायचा, मग पोस्टाचा शिक्का त्या थरावर बसतो, आणि समोरच्याने तिकिटं पाण्यात धुवून परत पाठवली की तीच पुन्हा चालतात. गुन्हाच होता तो, पण जगभरच्या या मंडळींनी तो एवढा सर्रास केला, की त्याला घराण्याची रीत म्हणावं लागेल. डेमिलिचने १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत अशा चार डेमो काढल्या. त्या अमेरिकेतल्या नेक्रोपोलिस नावाच्या नवख्या कंपनीपर्यंत पोचल्या आणि अल्बम ठरला.

आता त्या अल्बममध्ये आहे काय, ते सांगायला हवं.

या संगीताचा मूळ घटक म्हणजे रिफ, गिटारवरचं एक छोटं वाक्य. साधारण मेटलमध्ये हे वाक्य चार किंवा आठ वेळा तसंच्या तसं येतं, मान डोलवता येते, मग पुढचं येतं. 'नेस्पिथे'मधलं वाक्य सरळ जात नाही. एका स्वरावरून शेजारच्या अर्ध्या स्वरावर, तिथून परत मागे, मग अचानक खाली घसरून पुन्हा वर, असं ते गोगलगायीसारखं अंग ओढत सरकतं. कोमल आणि शुद्ध स्वर एकमेकांना चिकटून येतात. आपल्या रागसंगीतात असं सहसा करत नाहीत. ललत हा ठळक अपवाद, त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ लागतात, आणि पहाटे ललत ऐकताना पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटते ती त्यामुळेच. तीच हलती जमीन ३९ मिनिटं, आणि वर ढोल.

दुसरी गंमत लांबीची. वाक्य संपलं असं वाटतं तेव्हा त्याला एक शेपूट फुटतं. पुढच्या फेरीत ते शेपूट नसतं. कान समेची वाट बघत राहतो आणि सम एक तर लवकर येते, नाही तर आलीच नाही असं वाटतं. मी मात्रा मोजताना चुकत होतो तो इथे. सात आणि दहा आपल्याला नवे नाहीत, रूपक आणि झपताल ऐकत आपण मोठे झालो. पण आपल्याकडे ताल एकदा ठरला की आवर्तन बांधील असतं. तबलजी आणि गवई कितीही भांडले तरी समेवर भेटणार, हा करार असतो. इथे तो करारच दर चार ओळींनी नव्याने लिहिला जातो. आणि चौघेही तो पाठ करून बसलेत, एकही जण घसरत नाही.

हे सगळं फार वेगात चालत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. टेक्निकल डेथ मेटल म्हणजे बोटांची कसरत, असा आज समज आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. जर्मनीतल्या नेक्रोफॅजिस्टचा मुहम्मद सुइचमेझ याने १९९९ मध्ये पहिला अल्बम जवळजवळ एकट्याने, ढोलाच्या जागी ड्रम मशीन लावून केला. त्यातली शिस्त आणि सफाई थक्क करणारी आहे. पण त्यानंतरच्या पिढीने त्यातली फक्त सफाई उचलली. दर दोन सेकंदांनी स्वरांचा फवारा, प्रत्येक ठोका संगणकावर घासूनपुसून जागेवर बसवलेला. अशा अल्बमांच्या शेवटी मला तारीफ करावीशी वाटते, पुन्हा ऐकावंसं वाटत नाही. एखाद्याने झरझर पाढे म्हणून दाखवावेत तसं होतं. डेमिलिचचे गिटारवाले आंट्टी बोमान आणि आकी ह्यूतोनेन त्या हिशोबाने काही फार वेगवान नाहीत. त्यांची करामत वाक्यरचनेत आहे. ध्वनिमुद्रणही कोरडं आणि मोकळं आहे, त्यामुळे बासचा प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. डेथ मेटलमध्ये हे दुर्मीळ. तिथे बास बहुधा गिटारांच्या चिखलात रुतलेला असतो.

आणि मग तो आवाज.

अल्बमच्या पुस्तिकेत खुलासा छापावा लागला, की गायनावर कोणतंही यंत्र लावलेलं नाही. खुलासा गरजेचा होता, कारण आंट्टी बोमानचा आवाज माणसाचा वाटत नाही. इतर गुरगुरणारे गायक निदान चिडलेले वाटतात. हा चिडलेला नाही, घाबरवतही नाही. लांब, ओलसर, सावकाश ढेकर देत देत कोणी तरी पोथी वाचावी, तसा तो आहे. आईच्या कानाला मोरी आठवली, त्यात नवल नाही.

हे घडतं कसं? आपल्या स्वरयंत्रात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या किंचित वर आणखी एक जोडी असते, तिला खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात. बोलताना त्या गप्प असतात. गुरगुरताना त्या आणि त्यांच्या वरच्या भागातल्या घड्या आत ओढल्या जाऊन थरथरतात, आणि स्वराला खरखर येते. त्यांना शिस्तीत थरथरवता आलं तर आणखी एक चमत्कार होतो. खऱ्या पट्ट्यांच्या दर दोन थरथरींमागे खोट्या पट्ट्या एकदा थरथरतात आणि ऐकणाऱ्याला मूळ स्वराच्या बरोबर एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, त्याचे एकदम पन्नास-साठ. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातले गवई 'कारगिरा' नावाने हेच करतात. तिबेटी ग्युतो मठातले भिक्षू मंत्रपठणात जो अतिखर्ज लावतात त्यावर ह्यूस्टन स्मिथ या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच शास्त्रीय निबंध लिहिला होता. म्हणजे कुओपिओच्या पोराच्या गळ्यातून निघालेली चीज जुनीच आहे. तिचा वापर नवा. एक मात्र कानाला स्पष्ट कळतं, की बोमान ओरडत नाही. श्वासाचा जोर कमी ठेवून आणि मायक्रोफोन जवळ धरूनच असा आवाज येऊ शकेल असं मला वाटतं. नवशिकी मुलं उलट करतात. जिवाच्या आकांताने घसा फोडतात आणि महिनाभर गरम पाण्याच्या गुळण्या करतात. पहाटे उठून खर्ज लावायला सांगणारे आपले गुरुजी त्यांना दोन गोष्टी सांगू शकले असते.

शब्दांबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण एकही कळत नाही. पण गाण्यांची शीर्षकं वाचावीत. एक शीर्षक विसाहून अधिक शब्दांचं आहे आणि त्यात देवत्व नि अमरत्व मिळवण्यासाठी मांस शोषून घेणाऱ्या एका ग्रहाची अख्खी हकीकत सांगून टाकली आहे; गाणं न ऐकताच कथा कळते. बँडचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळातलं: मेल्यावरही न मरणाऱ्या जादूगाराची शेवटी उरते ती कवटी. आणि 'नेस्पिथे' हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. इंग्रजीत पाठीच्या कण्याला 'द स्पाइन' म्हणतात. त्यातली आठ अक्षरं विस्कटून पुन्हा लावली, की हा शब्द तयार होतो. रिफही असेच बनवलेले असावेत असा मला दाट संशय आहे. शेवटच्या गाण्याचं शीर्षक मात्र किळसवाणं आहे, आणि विशीतल्या पोरांचा धक्का देण्याचा सोस यापलीकडे त्याचं समर्थन मला करता येत नाही. या संगीतप्रकारावर तो डाग बराच काळ राहिला, अजूनही पुरता गेलेला नाही.

अल्बम आला आणि काहीही झालं नाही. १९९३ पर्यंत डेथ मेटलची लाट ओसरू लागली होती. मोठ्या कंपन्यांनी एकाच साच्याचे बँड धडाधड करारबद्ध करून बाजार भरून टाकला होता, आणि तरुण श्रोत्यांचं लक्ष नॉर्वेच्या ब्लॅक मेटलकडे, तिथल्या जळणाऱ्या चर्चकडे आणि खुनाच्या बातम्यांकडे गेलं होतं. समेची जागा हरवणारा एक विक्षिप्त फिनिश अल्बम कोण विकत घेणार? त्याच वर्षी डेमिलिच थांबला. अशी वेळ फक्त त्यांच्यावरच आली असं नाही. कॅनडाच्या क्वेबेकमधला गॉरगट्स हा बँड त्याच सुमारास कंपनीच्या करारातून बाहेर फेकला गेला. त्यांनी पुढची वर्षं घासून तयार केलेला 'ऑब्स्क्युरा' १९९८ साली कुठे बाहेर पडू शकला. आज तो अल्बम मैलाचा दगड मानतात.

डेमिलिचच्या बाबतीत दगड सापडायला जास्त वेळ लागला. कॅसेटच्या कॅसेट, सीडीच्या सीडी, असं ते पसरत राहिलं. नंतर बँडनेच आपली सगळी गाणी इंटरनेटवर फुकट ठेवून दिली, कोणीही उतरवून घ्यावीत. व्यवहाराच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा धंदा होता, पण अल्बम वाचला तो यामुळे. ज्यांना परदेशी सीडी विकत घेणं शक्य नव्हतं, अशा देशांतल्या पोरांपर्यंत तो पोचला. माझ्या मित्राकडची मूळ प्रतही अशीच उतरवलेली होती.

आपल्या बाजूला या संगीताचं गाव म्हणजे मुंबई. भयानक मौत हा तिथला बँड २००३ पासूनचा. डेथ मेटलचं याहून चोख भाषांतर मला तरी सुचणार नाही. गटस्लिट हा दुसरा, २००७ मध्ये सुरू झालेला, युरोपात दौरे करून आलेला. दोघांचंही घराणं डेमिलिचपेक्षा वेगळं, जास्त थेट आणि जास्त मारामारीचं.

२००५-०६ मध्ये बोमान आणि मंडळी पुन्हा एकत्र आली, काही मैफिली झाल्या, तीन नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली. २०१४ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरातल्या स्वार्ट रेकॉर्ड्सने चारही डेमो, 'नेस्पिथे' आणि ती तीन गाणी एकत्र करून देखणा संच काढला. तोवर 'नेस्पिथे' ऐकून मोठी झालेली पिढी स्वतः वाजवू लागली होती. क्वेबेकच्या थ्थीलिस्ट या बँडचा २०१६ चा अल्बम ऐकताना तर डेमिलिचचा सख्खा पुतण्या भेटल्यासारखं वाटतं; तेच सरपटणं, तोच ओलसर गळा.

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस' हा अल्बम २०१९ मध्ये आला, आणि त्या वर्षी मेटल न ऐकणाऱ्या समीक्षकांनीही त्याची दखल घेतली. त्यातलं तिसरं गाणं जवळजवळ पूर्ण वाद्यसंगीत आहे. गिटार अंतराळात तरंगावी तशी हळूहळू चढत जाते, ढोल मागून येतो, पाच-एक मिनिटं एकही शब्द नाही. मी ते हेडफोन लावून ऐकत होतो. शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम तापली आणि त्यांच्या खालून एक आवाज आला. पाहुणा गायक कोण, हे मी वाचलेलं नव्हतं. वाचायची गरजही पडली नाही. मोरी तुंबली होती.